कारखान्यातील प्रथमोपचार पेटी

यंत्राच्या सान्निध्यात काम करणाऱ्या माणसाला इजा होण्याचा संभव नेहमीच असतो. यंत्राच्या फिरत्या भागांना आडोसा घातला, कामगाराला काम नीट शिकविले, जमीन कोरडी व मोकळी ठेवली, तर हा संभव पुष्कळ कमी होतो. परंतु तो अजिबात नाहीसा होत नाही. लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडतो, पत्रा कापणाऱ्याचा तळहात चिरला जातो, भट्टीजवळच्या कामगाराला भोवळ येते, दाबयंत्राखाली एखाद्याचे बोट सापडते. अशा वेळी डॉक्टर जवळ असतोच असे नाही. रुग्णवाहिका बोलावली तरी ती यावयास काही वेळ लागतो, आणि रुग्णालयात पोचावयास आणखी काही वेळ लागतो.

हा मधला काळ फार मोलाचा असतो. मोठी रक्तवाहिनी तुटली, तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. हृदय बंद पडले, तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा पोचू लागते. डोळ्यात चुना किंवा कॉस्टिक सोडा गेला, तर तो धुऊन निघेपर्यंत आत आत शिरत राहतो. ह्या थोड्या मिनिटांत शेजारचा कामगार काय करतो, आणि ते करण्यासाठी त्याच्या हाताशी काय असते, ह्यावर पुढे डॉक्टरच्या उपचाराला कितपत यश येणार हे पुष्कळदा ठरते. प्रथमोपचार पेटीचे प्रयोजन एवढेच आहे. पण ते थोडे नव्हे.

पेटीचा पूर्वेतिहास

प्रथमोपचाराचे आजचे शास्त्र रणांगणावर जन्मले. 1859 च्या जून महिन्यात उत्तर इटलीतील सॉल्फेरिनो येथे झालेल्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक शुश्रूषेवाचून पडलेले आंरी द्युनाँ ह्या स्विस गृहस्थाने पाहिले, आणि त्याच्या प्रयत्नांतून 1863 मध्ये रेडक्रॉस चळवळीचा पाया घातला गेला. फ्रीड्रिख फॉन एस्मार्ख ह्या जर्मन शल्यवैद्याने त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला. हात गळ्यात अडकविण्यास, डोके बांधण्यास, खपच्या जागेवर ठेवण्यास अशा अनेक कामी येणाऱ्या ह्या साध्या कापडावरच तिच्या वापराची चित्रे छापलेली असत, म्हणजे अननुभवी माणसालाही ती पाहून काम करता यावे. आजच्या प्रत्येक पेटीत ही त्रिकोणी पट्टी असते.

रणांगणावरील ही विद्या कारखान्यात यावयास फार वेळ लागला नाही. इंग्लंडमध्ये 1877 मध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशनची स्थापना झाली, आणि पुढच्याच वर्षी पीटर शेफर्ड व फ्रान्सिस डंकन ह्या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी वुलिच येथे सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग चालू केले. खाणी, रेल्वे व कारखाने ह्यांतील कामगार अशा वर्गांना येऊ लागले. एस्मार्खने 1882 मध्ये कील येथे अशीच शाळा काढली. अमेरिकेत 1888 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन ह्या कंपनीने रेल्वे कामगारांसाठी प्रथमोपचार साहित्याच्या तयार पेट्या विकावयास आरंभ केला. कारण रूळ टाकणारे कामगार गावापासून व वैद्यापासून कित्येक मैल दूर असत.

ह्याच सुमारास जोसेफ लिस्टरच्या संशोधनाचा प्रभाव वैद्यकावर पडू लागला होता. जखम सडते ती बाहेरून शिरणाऱ्या जंतूंमुळे, हे 1867 मध्ये त्याने आपल्या लेखांतून दाखवून दिले. तोवर जखमेवर हाताशी येईल ती चिंधी बांधण्याची रीत होती. लिस्टरनंतर निर्जंतुक, बंद वेष्टनातील पट्टीची कल्पना रूढ झाली. मग अशी पट्टी ठेवण्यासाठी स्वच्छ, धूळ न शिरणारी पेटीही आवश्यक ठरली.

भारतातील कायदा

भारतात 1948 चा कारखाने अधिनियम 1 एप्रिल 1949 पासून अमलात आला. त्याच्या 45 व्या कलमात प्रथमोपचार पेटीविषयी स्पष्ट तरतुदी होत्या. एका वेळी कामावर असणाऱ्या दर 150 कामगारांमागे निदान एक पेटी असली पाहिजे. तीत विहित साहित्याखेरीज दुसरे काहीही ठेवू नये. प्रत्येक पेटी स्वतंत्र जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, त्या व्यक्तीजवळ प्रथमोपचाराचे मान्य प्रमाणपत्र असावे, आणि कामाच्या सर्व वेळात ती सहज सापडावी. 500 पेक्षा अधिक कामगार असणाऱ्या कारखान्यात स्वतंत्र शुश्रूषा-कक्ष ठेवणेही आवश्यक होते.

संसदेने 2020 मध्ये संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आणि कारखाने अधिनियम तीत विलीन झाला. कामाच्या सर्व वेळात सहज हाती येणाऱ्या, पुरेशा प्रथमोपचार पेट्या ठेवण्याचे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे. मात्र दहापेक्षा कमी माणसे काम करतात अशा कित्येक कार्यशाळा सर्वसाधारणपणे ह्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. गल्लीतील वेल्डिंगचे दुकान, सुताराचा कारखाना, मोटारदुरुस्तीचे गॅरेज येथे इजा व्हावयाच्या त्या होतातच. किंबहुना तेथे यंत्रे जुनी व जागा अडचणीची असल्यामुळे पेटीची गरज अधिकच असते.

दर 150 कामगारांमागे एक पेटी ह्या जुन्या प्रमाणाचा अर्थ हिशेब मांडला म्हणजे नीट कळतो. एखाद्या कारखान्यात एका पाळीत 400 माणसे काम करीत असतील, तर तेथे तीन पेट्या लागतात. कारखाना तीन पाळ्यांत चालत असेल, तर पेट्या तीनच राहतील. पण त्यांची जबाबदारी घेणारी प्रशिक्षित माणसे निदान नऊ लागतील, आणि रजेवर जाणाऱ्यांच्या जागी उभे राहणारे आणखी काही जण लागतील. रात्रपाळीला पेटी आहे, पण ती वापरता येणारा कोणी नाही, अशी स्थिती ह्या साध्या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्यामुळे उत्पन्न होते.

पेटीत काय असावे

पेटीतील प्रत्येक वस्तूला काही निश्चित काम असते. रक्तस्राव थांबविणे, जखम झाकणे, मोडलेला किंवा मुरगळलेला अवयव स्थिर ठेवणे, डोळ्याचे रक्षण करणे आणि मदत करणाऱ्याला संसर्गापासून वाचविणे ही ती मुख्य कामे होत.

रक्तस्रावासाठी व जखमांसाठी लहान, मध्यम व मोठ्या आकाराच्या निर्जंतुक पट्ट्या हव्यात. प्रत्येक पट्टी स्वतंत्र वेष्टनात बंद असावी. जखमेवर नुसता कापूस ठेवू नये; त्याचे तंतू जखमेला चिकटतात व पुढे काढताना त्रास होतो. गॉझची घडी प्रत्यक्ष जखमेवर, आणि कापूस लागलाच तर त्या घडीवर, हा क्रम ध्यानात ठेवावा. ह्यांच्या जोडीला वेगवेगळ्या रुंदीच्या गुंडाळपट्ट्या, चिकटपट्टी, किरकोळ कापण्यासाठी तयार चिकटपट्ट्या, निदान दोन त्रिकोणी पट्ट्या व सेफ्टी पिना असाव्यात. डोळ्यांसाठी निर्जंतुक गाद्या, भाजलेल्या जागेसाठी न चिकटणाऱ्या मोठ्या पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, चिमटा आणि जखमेभोवतालची त्वचा स्वच्छ करण्यासाठी सौम्य जंतुनाशक द्रावणही हवे.

पूर्वीच्या याद्यांत सहसा न आढळणारी, पण आज अनिवार्य मानली जाणारी वस्तू म्हणजे हातमोजे. कावीळ-ब आणि एच.आय.व्ही. ह्यांचे विषाणू रक्तावाटे पसरू शकतात, हे ज्ञात झाल्यापासून उघड्या हातांनी दुसऱ्याच्या रक्ताला स्पर्श करू नये हा नियम सर्वत्र रूढ झाला आहे. काही लोकांना लॅटेक्सच्या रबराचे वावडे असते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे ठेवणे इष्ट. कृत्रिम श्वास देताना तोंडावर धरावयाचा झडपेचा मुखवटाही असाच उपयुक्त आहे.

पोटात घ्यावयाच्या औषधांबाबत मात्र संयम हवा. पूर्वी पेटीत ॲस्पिरिनच्या गोळ्यांची बाटली असे, आणि प्रत्यक्षात पेटी उघडली जाई ती बहुधा डोकेदुखीवरच्या ह्या गोळीसाठी. परंतु ॲस्पिरिनने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. डेंग्यूच्या तापात ती धोक्याची ठरते, आणि काहींना तिचे वावडेही असते. म्हणून गोळ्या वाटणे हे पेटी सांभाळणाऱ्याचे काम समजू नये. वैद्याने लेखी सूचना दिली असेल तेवढीच औषधे पेटीत ठेवावीत.

जसा धंदा तशी पेटी

सर्व ठिकाणी एकच यादी पुरत नाही. धंद्याचे स्वरूप पाहून तीत भर घालावी लागते. फिरोजाबादच्या काचभट्ट्यांपाशी काम करणाऱ्याला भाजण्याचे व काचेने कापण्याचे भय असते, आणि उष्णतेचा ताप निराळाच. कानपूरच्या चर्मोद्योगात चुना, सल्फाइड, क्रोमची संयुगे हाताळावी लागतात. शिवकाशीच्या फटाका कारखान्यांत भाजणे हाच मुख्य धोका. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निसटलेला धोटा वेगाने अंगावर येऊ शकतो. आसामच्या चहामळ्यांत सर्प व कीटक ह्यांच्या दंशाचा विचार करावा लागतो. ह्या पाच जागी पाच प्रकारच्या तयाऱ्या लागतील, हे उघड आहे.

काही तयाऱ्या पेटीत मावणाऱ्या नसतात. डोळे धुण्याचे उदाहरण घ्यावे. डोळ्यात रसायन गेले असता निदान 15 मिनिटे पाण्याच्या सौम्य धारेखाली डोळा धरावा लागतो. ही धार मिनिटाला दीड लिटर धरली, तर 15 मिनिटांना साडेबावीस लिटर पाणी हवे. पेटीतील अर्ध्या लिटरची बाटली अशा धारेने वीस सेकंदांत संपेल. म्हणजे ती बाटली जखमीला नळापर्यंत नेईस्तोवरची सोय झाली. खरा उपाय जवळच वाहते स्वच्छ पाणी असणे हाच होय. भाजण्याचेही तसेच आहे. भाजलेली जागा साध्या थंड वाहत्या पाण्याखाली सुमारे 20 मिनिटे धरणे हा आजचा सर्वमान्य प्रथमोपचार आहे. बर्फ, तूप, शाई किंवा दंतमंजन लावल्याने इजा वाढते किंवा जखम दूषित होते.

ज्या कारखान्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप जवळ ठेवलाच पाहिजे; हे आम्ल त्वचेतून आत जाऊन शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते, आणि नुसत्या पाण्याने त्याचे काम थांबत नाही. भट्टीच्या किंवा उन्हातल्या कामासाठी जलसंजीवनीची पाकिटे असावीत. दाबयंत्रे व करवती असलेल्या जागी स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवाव्यात, आणि बर्फ कोठे मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे. तुटलेले बोट ओलसर गॉझमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फात ठेवून रुग्णाबरोबर पाठविल्यास ते पुन्हा जोडता येण्याची आशा राहते. बोटाला बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श मात्र होऊ देऊ नये, कारण त्याने पेशी मरतात.

जुने ज्ञान, जुनी औषधे

पेटीतील वस्तू जशा जुन्या होतात तसे तिच्यामागील ज्ञानही जुने होते. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण सर्पदंशाचे आहे. पूर्वीच्या सरकारी याद्यांत दंश झालेल्या जागी छेद घेण्यासाठी एक लहानसे पाते आणि त्यात भरण्यासाठी पोटॅशियम परमँगनेटचे खडे असत. आज हे दोन्ही उपाय निरुपयोगी व अपायकारक ठरले आहेत. छेद घेतल्याने रक्तस्राव वाढतो, जंतू शिरतात, आणि विष बाहेर येत नाही. घट्ट दोरी बांधल्याने अवयवाचे रक्ताभिसरण थांबून तो गमावण्याची पाळी येते. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव खपच्या लावून स्थिर ठेवावा, त्याला चालू देऊ नये, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे, एवढेच करावयाचे असते.

लाल रंगाचे मर्क्युरोक्रोम एके काळी घरोघरी व प्रत्येक पेटीत असे. त्यात पारा असतो, आणि त्याच्या गुणकारितेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून अनेक देशांत ते मागे पडले आहे. विजेच्या धक्क्यावरील उपचारही असाच पालटला. जुन्या तक्त्यांत रुग्णाला पालथे निजवून पाठीवर दाब देण्याची रीत दाखविलेली असे. 1960 मध्ये अमेरिकेतील कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर ह्यांनी छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे प्रसिद्ध केले, आणि तीच रीत पुढे जगभर स्वीकारली गेली. आधी विजेचा प्रवाह तोडावा. मग श्वास व हृदय बंद असल्यास रुग्णाला उताणे निजवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा, असे आजचे शास्त्र सांगते.

म्हणून पेटीबरोबर जी सूचनापत्रिका असते तिच्यावरील वर्षही पाहिले पाहिजे. ती कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावी. एकाच छताखाली अनेक प्रांतांचे लोक काम करीत असतील, तर ती एकाहून अधिक भाषांत, आणि शक्य तर चित्रांसह असावी.

पेटीची निगा

नवी पेटी विकत घेणे सोपे आहे. ती भरलेली राखणे कठीण. पेटी रिकामी होते ती मोठ्या अपघातात नव्हे. रोजच्या लहानसहान वापराने ती हळूहळू रिकामी होत जाते. एक चिकटपट्टी आज, दोन उद्या, कात्री कोणीतरी पुड्याची दोरी कापण्यासाठी नेलेली, आणि मग एके दिवशी खरोखरीच रक्त वाहू लागले असता पेटीत उरलेली असते ती औषधाची अर्धी बाटली.

हे टाळण्यासाठी महिन्यातून निदान एकदा, आणि प्रत्येक वापरानंतर, पेटी यादीशी ताडून पाहावी. झाकणाच्या आतल्या बाजूस वस्तूंची नावे व संख्या लिहिलेली यादी चिकटवावी, म्हणजे काय कमी आहे ते पाहता क्षणी कळते. वापरलेली वस्तू त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरून काढता यावी म्हणून थोडा साठा भांडारात वेगळा ठेवावा. प्रत्येक वेष्टनावरील मुदतीची तारीख पाहावी. निर्जंतुक पट्टीचे वेष्टन फाटले, भिजले किंवा त्यास डाग पडला, तर मुदत शिल्लक असली तरी ती पट्टी निर्जंतुक राहिलेली नसते. डोळे धुण्याचे निर्जंतुक द्रावण एकदा उघडले की उरलेले फेकून द्यावे.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. भट्टीच्या किंवा बाष्पित्राच्या शेजारी टांगलेल्या पेटीतील चिकटपट्टीचा चिकटपणा उष्णतेने जातो. पावसाळ्यात दमट हवेने कात्री व पिना गंजतात, कापडाला बुरशी येते. पेटी घट्ट बंद होणारी, धूळ व ओल न शिरणारी असावी, आणि ती सावलीत, कोरड्या जागी, कोणाचाही हात पोचेल अशा उंचीवर लावावी. तिच्यासमोर पोती किंवा खोकी रचू नयेत.

कुलपाचा प्रश्न पुष्कळ ठिकाणी निघतो. वस्तू चोरीस जातात म्हणून पेटीला कुलूप लावतात, आणि किल्ली ज्याच्याजवळ असते तो नेमका त्या वेळी बाहेर गेलेला असतो. गेलेल्या चिकटपट्ट्यांची किंमत थोडी असते. किल्ली शोधण्यात गेलेल्या पाच मिनिटांची किती होईल ते आधी सांगता येत नाही. साध्या कागदी मोहोरेने काम भागते. मोहोर तुटली असेल तर पेटी उघडली गेली हे कळते, आणि ती लगेच तपासता येते.

पेटीवरील खुणेबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रॉस हे चिन्ह युद्धातील वैद्यकीय सेवेच्या संरक्षणासाठी राखलेले आहे, आणि भारतात 1960 च्या जिनीव्हा करार अधिनियमान्वये त्याचा अनधिकृत वापर निषिद्ध आहे. प्रथमोपचाराची आंतरराष्ट्रीय खूण हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस अशी आहे.

माणूस आणि नोंदवही

उत्तम भरलेली पेटीही स्वतः होऊन काही करीत नाही. जखमेवर सरळ व घट्ट दाब धरला तर बहुतेक रक्तस्राव थांबतात, हे माहीत असलेला माणूस स्वच्छ रुमालानेही जीव वाचवील. हातापायाचा रक्तस्राव दाबानेही थांबत नसेल, तर वरच्या बाजूस आवळपट्टी लावावी लागते. पण ती प्रशिक्षित माणसाने, लावल्याची वेळ लिहून ठेवूनच लावावी. ह्या गोष्टी वाचून पुरत्या येत नाहीत. हातांनी कराव्या लागतात. सेंट जॉन अँब्युलन्स आणि भारतीय रेडक्रॉस सोसायटी ह्या संस्था असे शिक्षण देतात, आणि घेतलेले शिक्षण काही वर्षांनी पुन्हा ताजे करावे लागते. पेटीच्या शेजारी प्रशिक्षित व्यक्तींची नावे, जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक, आणि 108 व 112 हे आपत्कालीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

शेवटची वस्तू म्हणजे नोंदवही. प्रत्येक उपचाराची तारीख, वेळ, कामगाराचे नाव, इजा कशी व कोणत्या यंत्रावर झाली, कोणते साहित्य वापरले, हे तीत लिहावे. लहान इजाही वगळू नये. आज किरकोळ वाटणारी चीर उद्या चिघळली, तर ती कामावर असतानाच झाली ह्याचा तो पुरावा ठरतो, आणि नुकसानभरपाईच्या वेळी कामगाराच्या उपयोगी पडतो.

परंतु ह्या वहीचा आणखी मोठा उपयोग आहे. एकाच यंत्रावर दोन महिन्यांत तिघांची बोटे चिरली गेली असे तीत दिसले, तर दोष कामगारांच्या निष्काळजीपणात शोधण्याआधी त्या यंत्राचा आडोसा तपासावा लागेल. जिन्याच्या एकाच पायरीवर वारंवार माणसे घसरत असतील, तर पट्ट्यांचा साठा वाढविण्यापेक्षा ती पायरी दुरुस्त करणे शहाणपणाचे होईल. अशा रीतीने पेटीचे काम अपघातानंतरच्या उपचारापाशी संपत नाही; पुढचा अपघात टाळण्याचे साधनही तीच पुरविते.

शाळांच्या प्रयोगशाळा व कर्मशाळा ह्यांनाही हे सर्व तितकेच लागू आहे. तेथील पेटी कोठे आहे, तीत काय आहे, ती शेवटी केव्हा तपासली गेली, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. महिन्याची तपासणी पाळीपाळीने त्यांच्याकडेच सोपविली, तर पुढे कारखान्यात गेल्यावर ती सवय त्यांच्याबरोबर जाईल.